संगमरवरी जिन्याला इपॉक्सीचे हात: घासण्यापासून शेवटच्या मॅट थरापर्यंत

जिन्यावरचं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून लावलेला कडक थर, उखडायला लागतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून: पायरीच्या पुढच्या गोल कडेपासून. मिस्त्री पायरीचा सपाट भाग ग्राइंडरने घासतो, पण कडेच्या गोलाईवर ग्राइंडरचा पॅड नीट बसत नाही. तिथलं जुनं पॉलिश तसंच राहतं. खाली उतरताना पाय नेमका त्याच कडेवर वळतो, आणि काही महिन्यांत तिथून नखाएवढी खपली निघते. एकदा कड उघडी पडली की खालून पाणी शिरतं आणि पापुद्रा मागे सरकत जातो.

हे काम म्हटलं तर रंगकाम आहे, पण त्यातला मोठा वेळ दगड घासण्यात आणि वाळवण्यात जातो. रोलर फिरवण्याचं काम एकूण मोजलं तर तीन-चार तासांचं. ज्या चकाकीसाठी संगमरवर बसवला, ती चकाकी पूर्ण मोडल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही, आणि घरमालकाला पटायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते.

आधी इपॉक्सी हवंच का ते बघा

दगड शाबूत असेल आणि फक्त निस्तेज झाला असेल, तर इपॉक्सी लावू नका. डायमंड पॅडने पुन्हा पॉलिश करून घ्या. ते स्वस्त पडतं आणि पुढेही कितीही वेळा करता येतं. इपॉक्सी एकदा लावलं की काढताना परत ग्राइंडरच चालवावा लागतो.

इपॉक्सीचा उपयोग होतो तो इथे: टॉयलेट क्लीनर किंवा लिंबू-चिंचेने पायऱ्यांवर पांढुरके डाग खाल्ले गेलेत, दगडाला बारीक खड्डे पडलेत, उघड्या चिरा आहेत, तेलकट डाग आत मुरलेत, किंवा पायऱ्या निसरड्या आहेत आणि खरबरीत पट्टी कायमची बसवायची आहे.

पुढच्या ठिकाणी मात्र नकोच. उन्हात असलेल्या बाहेरच्या पायऱ्या: इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि भुकटी धरतं. जमिनीला टेकलेल्या तळमजल्याच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या, जर त्यांच्यात खालून ओल चढत असेल तर. आणि चुन्यात बसवलेले जुन्या वाड्यांचे किंवा देवळांचे दगड: तिथली ओल दगडातूनच बाहेर पडत असते, ती वाट बंद केली की दगड फुटायला लागतो.

रंगाचाही विचार करा. पारदर्शक इपॉक्सीखाली संगमरवर कायम ओला दिसतो तसा दिसतो, म्हणजे एक-दोन छटा गडद आणि रेषा ठळक. हे आधी बघायला काही खर्च नाही. पायरी घासून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. पाणी सुकायच्या आत जे दिसतं, साधारण तेच शेवटी दिसणार.

दगडाची परीक्षा

खात्री नसेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. फेस आला तर संगमरवर. ग्रॅनाइटला किंवा व्हिट्रिफाइड फरशीला काहीही होत नाही. राजस्थानातल्या राजनगरचा दगड डोलोमाइटचा असतो, त्याला फेस हळू आणि कमी येतो. तिथे खिळ्याने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर थेंब टाकला की कळतं. मकराना किंवा अंबाजीच्या दगडावर फेस लगेच दिसतो. थेंब मिनिटाभरात पुसून घ्या, नाहीतर डाग राहील.

याच परीक्षेत एक धोक्याची सूचना आहे. काँक्रीटवर इपॉक्सी लावण्याआधी ॲसिडने धुण्याची पद्धत असते, म्हणून काही जण जिन्यावरही तेच करतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्युरिअॅटिक ॲसिड पडलं की वरचा थर विरघळतो आणि कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हे मीठ दगडाच्या छिद्रांत बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. वर इपॉक्सी लावलं की तीच ओल खालून फोड आणते. संगमरवराला ॲसिड लावायचं नाही, पातळ करूनही नाही.

मग प्रत्येक पायरी लाकडी मुठीने ठोकून ऐका. भरीव दगडाचा आवाज टणक येतो, खाली माल सुटला असेल तर पोकळ वाजतो. पोकळ पायरी तशीच ठेवली तर पाय पडला की दगड केसभर वाकतो आणि सांध्यावर इपॉक्सी चिरतं. पायरी आणि उभ्या पट्टीच्या (दोन पायऱ्यांमधल्या उभ्या दगडाच्या) सांध्यात ६ मिमीचं भोक पाडून तिथून पातळ इपॉक्सी सिरिंजने भरा, वर वजन ठेवा आणि २४ तास हलवू नका. पायरी निम्म्याहून जास्त पोकळ वाजत असेल तर ती उचलून परत बसवणंच बरं.

ओल बघायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर, निदान १६ तास, ठेवा. लँडिंगवर तो पूर्ण मावतो. पायरीवर पायरीच्या रुंदीएवढा घ्या. उचलल्यावर आतून दव दिसलं किंवा दगड गडद झालेला दिसला तर काम थांबवा. ओल कुठून येते ते आधी शोधा. बहुतेकदा शेजारच्या बाथरूमचा पाइप किंवा जिन्याखालची टाकी निघते.

सामान किती लागेल

हिशेब दहा पायऱ्या आणि एका लँडिंगचा धरू. साडेतीन फुटी जिन्यात पायरीचा सपाट भाग, गोल कडेसकट, सुमारे १.०५ मी बाय ३० सेंमी. उभी पट्टी १६ सेंमी. दहा पायऱ्यांचे सपाट भाग ३.१५ चौरस मीटर, उभ्या पट्ट्या १.७ आणि लँडिंग २.२. एकूण ७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५ चौरस फूट.

प्रायमरचा हात चौरस मीटरला १२० ग्रॅम धरला तर ८४० ग्रॅम. सपाट भाग आणि लँडिंगला इपॉक्सीचे दोन हात, प्रत्येकी ३०० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ३.२ किलो. उभ्या पट्ट्यांना दोन पातळ हात, १५० ग्रॅमचे, अर्धा किलो. हे झालं साडेचार किलो. भांड्याला चिकटणारं, रोलरने पिऊन टाकलेलं आणि चिरा भरायला लागणारं धरून ६ किलोचा संच घ्या. इपॉक्सीवर शेवटी पॉलियुरेथेन या दुसऱ्या कोटिंगचे दोन हात द्यायचे, त्यांना ८० ग्रॅमप्रमाणे सव्वा किलो. तयार थर होतो सपाट भागावर साधारण ०.६ ते ०.७ मिमी. यापेक्षा जाड थर जिन्यावर नको. कडेवरून तो ओघळतो आणि कड जाडजूड दिसते.

इपॉक्सी घेताना तीन गोष्टी बघा. ते शंभर टक्के सॉलिड असावं, म्हणजे त्यात उडून जाणारं थिनर नसावं. कोटिंगचं असावं, टेबलांत ओतायचं कास्टिंग रेझिन नको, ते दिवस-दिवस वाळतं आणि पातळ थरात मऊ राहतं. दोन ट्यूबांतला घरगुती ॲराल्डाइट हा गोंद आहे, त्याचं कोटिंग होत नाही. आणि हार्डनर त्याच कंपनीचा, त्याच संचातला. उरलेला हार्डनर दुसऱ्या रेझिनला वापरू नका.

शेवटच्या हातासाठी दोन भागांचं ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन, मॅट किंवा सॅटिन. ‘ॲलिफॅटिक’ हा शब्द डब्यावर असायलाच हवा, कारण उन्हात पिवळं न पडणारी जात तीच. पांढऱ्या संगमरवरावर खिडकीसमोरच्या चार पायऱ्या पिवळ्या आणि बाकीच्या पांढऱ्या, हे दृश्य नुसत्या इपॉक्सीवर थांबलेल्या जिन्यांवर ठरलेलं असतं.

बाकी: चार इंची ग्राइंडर आणि वेल्क्रो पॅड, ८० आणि १२० नंबरचे डायमंड पॅड, ऑर्बिटल सँडर, घासायचे स्पंज, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, व्हॅक्यूम क्लीनर, ॲसिटोन, धागे न सुटणारी सुती फडकी, चार इंची फोमचे रोलर, दोन इंची ब्रश, सरळ कडांची प्लास्टिकची भांडी, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, नायट्राइल हातमोजे, चष्मा, धुळीसाठी एन-९५ आणि कोटिंगसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क.

घासणं

आधी जुना मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर काढा. पॉलिशवाले मेण चोळून चमक आणतात. ते तसंच राहिलं आणि त्यावर घासलं तर मेण पॅडला लागून सगळ्या पायऱ्यांवर पसरतं. ॲसिटोन फडक्यावर घेऊन पुसा, फडक्याची बाजू सारखी बदलत राहा. त्या वेळी खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवा विझवलेला.

संगमरवर मऊ दगड आहे, त्यामुळे ८० नंबरपासून सुरुवात पुरते. जिथे डाग खोल आहेत तिथेच ५० वापरा. सपाट भाग ग्राइंडरने, मधल्या वेगावर, पॅड सपाट ठेवून. पॅड तिरका धरला तर चंद्रकोरीसारखे ओरखडे पडतात आणि पारदर्शक थराखाली ते पुढे वर्षानुवर्षं दिसत राहतात. मग १२०. त्याच्या पुढे जायचं नाही. २०० नंबरनंतर दगड परत गुळगुळीत होऊ लागतो आणि पकड कमी होते.

ओलं घासलं तर धूळ उडत नाही, पण पाणी सांध्यांतून खाली जातं आणि वाळवायला तीन दिवस लागतात. घरात राहून काम करायचं तर व्हॅक्यूम जोडून कोरडं घासणं सोयीचं. ओलं करणारच असाल तर ग्राइंडरच्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

आता ती गोल कड. तिथे मशीन बाजूला ठेवा. ८० नंबरचा घासायचा स्पंज हातात घ्या, अंगठा कडेच्या वर आणि चार बोटं खाली, आणि पायरीच्या लांबीने मागे-पुढे घासा. कडेच्या खालची बाजूही घासायची, जिथे दगड उभ्या पट्टीकडे वळतो. एका पायरीला दहा मिनिटं लागतात. झालं की नाही हे डोळ्याने नाही, बॅटरीने बघा: टॉर्च पायरीला समांतर धरली की राहिलेल्या पॉलिशचा ठिपका काचेसारखा चमकतो. नीट घासलेली कड टॉर्चखाली खडूसारखी मंद दिसते. पायरी आणि भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात हीच गोष्ट. तिथे पॉलिश पेपर पट्टीला गुंडाळून घासा.

पाणी टाकूनही तपासता येतं. घासलेल्या दगडावर थेंब पसरला आणि थोडा आत मुरला तर ठीक. मण्यासारखा गोल उभा राहिला तर तिथे मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे. परत ॲसिटोन, परत घासणं. आयात केलेल्या इटालियन दगडात कारखान्यातच छिद्रं रेझिनने भरलेली असतात. तिथे पाणी मुरणार नाही, पण पसरायला हवंच.

ओरखडे पारदर्शक थराखाली दिसतील का? पुन्हा ओलं फडकं. ओल्यात जे ओरखडे नाहीसे होतात ते इपॉक्सीखालीही नाहीसे होतात, कारण तयार इपॉक्सीतून प्रकाश साधारण दगडासारखाच वळतो. ओल्यातही दिसले तर तेवढ्या भागावर १२० परत फिरवा.

शेवटी व्हॅक्यूम, मग ॲसिटोनचं फडकं, आणि अर्धा तास सुकू देणं. यानंतर पायरीवर अनवाणी पाय नको, घामाचा ठसा थराखाली उमटतो. स्वच्छ मोजे घाला.

चिरा आणि खड्डे

इपॉक्सी तयार करून त्यात संगमरवराची भुकटी मिसळा, लांबीइतकं, म्हणजे पुट्टीइतकं, घट्ट होईपर्यंत. घासताना व्हॅक्यूममध्ये जमलेली स्वच्छ पूड यासाठी उत्तम, रंग आपोआप जुळतो. पांढऱ्या दगडाला चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइड चालतं. जास्त टाकलं तर भरलेली जागा दुधी ठिगळासारखी दिसते. पट्टीने दाबून भरा, केसभर वर ठेवा, वाळल्यावर १२० ने सपाट करा. सांध्यांतलं पांढरं सिमेंट भुसभुशीत झालं असेल तर टोकदार हत्याराने ३-४ मिमी खोल खरवडून हीच लांबी भरा.

हवा कशी हवी

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. पण पुण्या-नाशिककडे डिसेंबरच्या सकाळी दगड इतका गार असतो की इपॉक्सी मधासारखं घट्ट होतं आणि रोलरच्या खुणा राहतात; तिथे अकरानंतर सुरुवात करा. विदर्भात मे महिन्यात उलट होतं, भांड्यातलं मिश्रण पंधरा मिनिटांत गरम होऊन जमतं.

दगडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे दगड निदान २७ अंशांचा हवा. संगमरवर हवेपेक्षा गार राहतो, हे विसरल्यामुळे फसगत होते: खोलीत बरं वाटत असतं आणि पायरीवर न दिसणारं दव बसलेलं असतं. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर असला की अंदाजावर राहावं लागत नाही. आर्द्रता ८५ च्या वर असेल तर डबा उघडूच नका.

मिश्रण

प्रमाण डब्यावरचं. बऱ्याच संचांत वजनाने १०० भाग रेझिनला ५० भाग हार्डनर असतं, पण मापाचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण वेगळं असतं. एकाची जागा दुसऱ्याला देऊ नका. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही सर्रास होणारी चूक आहे. इपॉक्सीत रेझिनचा प्रत्येक कण हार्डनरच्या ठरलेल्या कणाशी जोडला जातो. जास्तीचा हार्डनर जोडीशिवाय राहतो आणि थर कायम चिकट राहतो.

वरच्या हिशेबाने एका पायरीला सपाट भागासाठी ९५ ग्रॅम आणि उभ्या पट्टीला २५ ग्रॅम, मिळून १२० ग्रॅम. तीन पायऱ्यांचा घाणा करा: २४० ग्रॅम रेझिन, १२० ग्रॅम हार्डनर. याहून मोठा घाणा नको.

तीन मिनिटं हळू ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. मग ते दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या भांड्याच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं. ते खरवडून पायरीवर घेतलं की नेमका तेवढाच ठिपका कधीच वाळत नाही. लगेच सगळं उथळ ट्रेमध्ये पसरा. खोल भांड्यात उष्णता अडकते आणि मिश्रण स्वतःच्याच गरमीने जमतं. ट्रेमध्ये तेच मिश्रण जास्त वेळ चालतं. उरलेलं इपॉक्सी भांड्यात तसंच सोडू नका, धूर निघेपर्यंत तापू शकतं. वाळूवर पातळ ओतून टाका.

हात मारणं

घरात एकच जिना असेल तर आधी सगळा जिना घासून घ्या, मग विषम पायऱ्या पूर्ण करा आणि नंतर सम. सम पायऱ्यांवर तोवर जाड कागद टेपने लावून ठेवा आणि त्यांच्यावरून चढा-उतरा. एक पायरी सोडून चढणं वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना जमत नाही. विषम आणि सम दोन्ही फेऱ्या संपेपर्यंत त्यांची खाली झोपायची सोय करा. रुंदीत निम्मी पायरी आज, निम्मी उद्या असं केलं तर मधोमध जोडाची रेघ उमटते, ते टाळा.

भिंतीलगतची स्कर्टिंग आणि रेलिंगच्या बुडाशी टेप लावा. वरून खाली यायचं.

प्रायमर म्हणजे तेच इपॉक्सी, पातळ जातीचं असलं तर उत्तम, ब्रशने चोळून दगडात जिरवायचं. तो दुपारी चारनंतर लावा. संगमरवराच्या छिद्रांत हवा असते. दिवस तापत असताना ती फुगून बाहेर येते आणि थरात सुईएवढे बुडबुडे सोडते. संध्याकाळी दगड गार होत असताना तीच हवा आकसते आणि प्रायमर आत ओढून घेते.

दुसऱ्या दिवशी, २४ तासांच्या आत, पहिला हात. थरावर बोट फिरवून मेणचट किंवा तेलकट वाटलं तर तो हार्डनरचा ब्लश आहे: हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मिळून तयार झालेला पदार्थ. ॲसिटोनने तो पसरतो. कोमट पाणी आणि हिरव्या स्क्रबरने धुवा, पुसा, वाळू द्या. मग १८० ने हलका हात फिरवून पूड पुसून टाका. २४ तास उलटून गेले असतील तर १८० ने घासणं सक्तीचं, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

प्रत्येक पायरीवर क्रम असा: आधी आतल्या कोपऱ्यात ब्रश, मग सपाट भागावर मोजलेलं इपॉक्सी रेघेने ओतून रोलरने पसरवणं, मग कड, शेवटी तिच्या खालची उभी पट्टी. कडेवर रोलर वरून खाली गोलाईत फिरवा. उभ्या पट्टीवर दोन वेळा पातळ लावलेलं एका जाड हातापेक्षा चांगलं; तरीही ओघळत असेल तर मिश्रणात वजनाच्या १ ते २ टक्के एरोसिल, म्हणजे फ्युम्ड सिलिका, घाला.

मग वीस मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी परत या. कडेच्या खालच्या बाजूला थेंबांची ओळ जमलेली असते, माळेतल्या मण्यांसारखी. कोरड्या ब्रशने ती टिपून घ्या. वाळल्यावर हे थेंब ब्लेडने कापावे लागतात आणि प्रत्येक जागी व्रण राहतो. टेप तीन-चार तासांनी, थर अजून नरम असताना ४५ अंशांत ओढून काढा.

तिसऱ्या दिवशी दुसरा हात, याच पद्धतीने.

घसरू नये म्हणून

गुळगुळीत इपॉक्सी ओलं झालं की बर्फासारखं होतं. खरबरीत पट्टीशिवाय जिना सोडू नये. दुसरा हात ओला असतानाच, लावल्यावर साधारण वीस मिनिटांनी, कडेपासून मागे दोन इंच पट्टीवर ६० मेशची पांढरी ॲल्युमिनियम ऑक्साइडची वाळू चहाच्या गाळणीतून फूटभर उंचीवरून भुरभुरवा. लगेच भुरभुरवली तर दाणे बुडतात, उशीर झाला तर चिकटत नाहीत. तपकिरी वाळू स्वस्त मिळते पण पांढऱ्या दगडावर कायम मळकट दिसते. दाणा थरापेक्षा मोठा हवा: ६० मेशचा दाणा पाव मिलिमीटरचा, त्यावर पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात बसूनही टोक वर राहतं. १२० मेशचा दाणा त्याच दोन हातांत पुरला जातो. दुसऱ्या दिवशी सुटे दाणे कोरड्या ब्रशने झाडा आणि तळव्याने चाचपून बघा. पायातले मोजे अडकतील इतकं टोकदार लागत असेल तर १२० चा पॉलिश पेपर एकदाच फिरवा.

शेवटचे दोन हात

चौथ्या दिवशी वाळूची पट्टी सोडून बाकी सगळ्यावर २२० चा पेपर, पूड पुसणं, आणि पॉलियुरेथेनचा पहिला पातळ हात. सहा ते चोवीस तासांत दुसरा. मॅट घेतलं असेल तर डबा तळापासून ढवळा, मॅट करणारी पूड खाली बसते. रोलर एकाच दिशेने संपवा, नाहीतर तिरक्या उजेडात पट्टे दिसतात. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; कार्ट्रिजचा मास्क न घालता डबा उघडायचा नाही, आणि दम्याच्या माणसाने हे काम करू नये. इपॉक्सी त्वचेला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, ते त्याला आत ढकलतं. कोरड्या फडक्याने टिपून साबण लावा. वारंवार लागत राहिलं तर ॲलर्जी होते आणि ती पुढे आयुष्यभर सोडत नाही.

बिघडलं तर

थरावर गोल-गोल खड्डे, मधे दगड उघडा: खाली सिलिकॉन किंवा तेल राहिलंय. वर आणखी लावून ते बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, ॲसिटोनने पुसा, मग लावा. दुधट पांढरी छटा म्हणजे ओल्या हवेत लावलं. फक्त वर असेल तर घासून जाते, आत असेल तर तो हात काढावा लागतो. एखादाच ठिपका चिकट राहिला तर ते भांड्याच्या कडेचं रेझिन. खरवडून ॲसिटोनने पुसून पुन्हा भरा. अख्खी पायरी तीन दिवसांनीही चिकट असेल तर प्रमाण चुकलंय, आणि त्यावर दुसरा हात मारून उपयोग नाही, पूर्ण काढावंच लागतं. पांढऱ्या दगडात काही महिन्यांनी गंजासारखे पिवळे ठिपके आले तर दगडातलं लोह खालच्या ओलीने गंजतंय. चूक थराची नाही, प्लास्टिकची परीक्षा टाळल्याची.

शेवटच्या हातानंतर मोजे घालून २४ तासांनी, चपला घालून ७२ तासांनी, आणि पाण्याने पुसणं किंवा जड सामान नेणं सात दिवसांनी. पुढे साध्या पाण्यात थोडं सौम्य साबण पुरतं. वरचं पॉलियुरेथेन वर्दळीच्या जिन्यावर दोन-तीन वर्षांत घासलं जातं. इपॉक्सी उघडं पडायच्या आत, म्हणजे पायऱ्यांच्या मध्यावर चमक वेगळी दिसू लागली की, २२० ने घासून पॉलियुरेथेनचा एक हात परत द्या. कडेवर खपली निघालीच तर ती जागा धारदार पत्र्याने चिकटलेल्या थरापर्यंत मागे कापून घ्या, उघडा दगड ८० च्या स्पंजने घासा, थराच्या कडा उताराने झिजवा आणि ब्रशने दोन पातळ हात भरा.